एका गोचिडाविषयी नम्र निवेदन

आमच्या मांजरीच्या उजव्या कानामागे जे काही होतं, ते चामखीळ आहे की कुठूनतरी चिकटलेला सोयाबीनचा दाणा आहे, यावर माझी आणि माझ्या बायकोची, मिचियोची, पाऊण तास चर्चा झाली. मी दाण्याच्या बाजूने होतो. मांजरीचं नाव किनाको, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, आणि रंगही अगदी तोच. तेव्हा तिच्या अंगावर सोयाबीन सापडणं मला अत्यंत स्वाभाविक वाटत होतं. चर्चा ऐन रंगात आली असताना दाण्याने पाय हलवले.

"अहो, गोचीड आहे तो!" मिचियो किंचाळली.

मी गावच्या पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढली आहेत. संकटात डोकं थंड ठेवायचं, एवढं तिथे शिकलो. मी मिचियोचा भुवया कोरायचा चिमटा घेतला आणि शांतपणे गोचीड ओढला. निम्मा आला. निम्मा किनाकोकडेच राहिला, आणि हे काम आपल्याला मुळीच आवडलेलं नाही हे तिने माझ्या मनगटावर चार रेघा ओढून कळवलं.

मिचियोची किंकाळी गल्लीतल्या अकराही घरांना ऐकू गेली असणार, कारण पाच मिनिटांत सल्ले येऊन पोचले. समोरचे तातामी चटया विणणारे कावासोएसान म्हणाले, "त्यावर रताळ्याची दारू ओता. आपोआप सुटतो." मी विचारलं, किती ओतायची, तर म्हणाले, "गोचिडाला थेंबभर. उरलेली तुम्ही घ्या, हात थरथरणार नाही." केस कापायचं दुकान चालवणाऱ्या ताबातासान उदबत्ती पेटवूनच घेऊन आल्या होत्या. ती बघून किनाको कपाटावर चढली. शेजारचे योनेरासान शाळेत कवायतीचे मास्तर होते. त्यांचं म्हणणं असं, की गोचीड ओढायचा नसतो, पिळायचा असतो. कसा पिळायचा हे त्यांनी माझ्या कानावर करून दाखवलं. गोचिडापेक्षा माझा कान घट्ट निघाला, हे त्यांनीही कबूल केलं.

तीन दिवसांनी किनाकोने खाणं सोडलं. माशाचा तुकडा नाकासमोर धरला तरी मान फिरवायची. न्हाणीघराच्या गार फरशीवर पडून राहायची. दुपारी दोनच्या ठोक्याला ही बाई कुंपणाच्या फटीतून पलीकडे कुरोगीआजींकडे जायची, पाच वाजता परत यायची. सात वर्षांत हा नेम चुकला नव्हता. त्या दिवशी दोन वाजले, अडीच वाजले, तरी ती उठली नाही. मग मात्र आम्ही तिला टोपलीत घालून दवाखान्यात नेलं.

मांजरांच्या डॉक्टर इवाकिरी या चणीने लहान आणि स्वभावाने हसतमुख. कानामागची जखम बघितल्यावर त्यांचं हसू गेलं. त्या आत गेल्या आणि दोन हातमोज्यांवर दोन हातमोजे, मोठा चष्मा, तोंडाला पट्टी आणि घोट्यापर्यंत झगा असा वेष करून बाहेर आल्या. मला वाटलं दुसरंच कुणी आलं.

"ताप चाळीसच्या वर आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या डोंगरातल्या गोचिडांमुळे एक वाईट ताप येतो. तो असेल तर निम्म्याहून जास्त मांजरं वाचत नाहीत. माणसालाही होतो. गोचीड चावून होतो, आणि आजारी मांजरीच्या लाळेतून, ओरखड्यातूनही. रक्त तपासायला पाठवते. पाच दिवस लागतील. तोवर हिला वेगळ्या खोलीत ठेवा, हातमोज्यांशिवाय शिवू नका. गोचीड कुणी ओढला?"

मिचियोने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ओरखडाही यांनाच का? मग यांचाही ताप रोज दोनदा बघा. दोन आठवडे. आला तर मोठ्या दवाखान्यात जायचं आणि दारातच गोचिडाचं सांगायचं." मग त्यांनी वहीत मान घालून विचारलं, "घरातलं कुणी डोंगरात जातं का? कपड्यांवरून, पिशव्यांवरूनही येतात हे."

"छे हो!" मिचियो म्हणाली. "यांची कंबर धरल्यापासून मी डोंगर बंदच केलाय."

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या मांजरांकडे बघत राहिलो. आता वाचकांपासून काय लपवायचं? आदल्या आठवड्यात गुरुवारी 'ग्रंथालयात जातो' असं सांगून मी मागच्या डोंगरात बांबूचे कोंब खणायला गेलो होतो. एप्रिलमध्ये बांबूचे कोंब जमिनीतून डोकं वर काढतात आणि माणसाला घरात बसवत नाही. कोंब घरी आणले आणि जुन्या खात्यातल्या मित्राने दिले म्हणून सांगितलं. मिचियोने त्यांचा भात केला, आणि मी दोनदा मागून घेतला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी तिला गप्प केलं. कारण गोचीड कुठून आला असेल याचं याहून फार चांगलं उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते म्हणजे योनेरासानांचं परसातलं गवत.

त्या गवताविषयी काय सांगावं! कमरेइतकं होतं. त्यात उन्हाळ्यात रातकिडे गातात म्हणून योनेरासान ते कापत नसत. आमच्या भिंतीला लागून ते वीस वर्षं डोलत होतं आणि वीस वर्षं मी त्यांना 'छान वाढलंय' म्हणत होतो. शेजाऱ्याला तोंडावर 'गवत कापा' म्हणणं आमच्याकडे शक्य नाही. त्यापेक्षा घर बदलणं सोपं.

घरी आल्यावर मिचियोने शीतकपाटावर कागद चिकटवला. त्यावर दोन रकाने होते. 'किनाको' आणि 'नवरा'. सकाळी किनाको चाळीस पूर्णांक चार, नवरा छत्तीस पूर्णांक चार. संध्याकाळी किनाको चाळीस पूर्णांक सहा, नवरा छत्तीस पूर्णांक चार. मांजरीचा आकडा ती तीनदा बघून लिहायची. माझा आकडा ती न बघताच लिहायची, असा मला संशय आहे.

दुसऱ्या दिवशी मी नगरकचेरीत गेलो. पुरावा म्हणून अर्धा गोचीड पोस्टकार्डावर चिकटपट्टीखाली दाबून खिशात ठेवला होता. आरोग्य खिडकीवरच्या गृहस्थांनी विचारलं, "माणसाला चावलाय का?" म्हटलं, मांजरीला. "मग पर्यावरण." पर्यावरणवाल्यांनी विचारलं, "गोचीड सध्या कुठे आहे?" मी म्हटलं, खिशात. खिडकीमागचे तिघेही हसतमुखाने एकेक पाऊल मागे सरकले. "गवतात असता तर आमच्याकडे आला असता," ते म्हणाले. "जनावराच्या अंगावरून निघालेला असेल तर शेतकी." शेतकीवाल्यांच्या यादीत गाय होती, डुक्कर होतं, कोंबडीसुद्धा होती. मांजर नव्हतं. अखेर एका तरुण मुलीला माझी दया आली. खाजगी जागेतल्या गवतात कचेरी पडू शकत नाही, असं तिने फार गोड शब्दांत सांगितलं. "तुमच्या गटप्रमुखांना सांगा ना. ते गल्लीची फिरती पाटी काढतील."

"यंदा गटप्रमुख मीच आहे," मी म्हणालो.

"वा! मग तर कामच झालं!" असं म्हणून तिने मला कमरेत वाकून नमस्कार केला.

फिरती पाटी म्हणजे चाप लावलेली पाटी. तिच्यावर गल्लीची सूचना लावायची आणि शेजारच्या घरी द्यायची. त्यांनी वाचून आपला लाल शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी न्यायची. अकरा घरं फिरून ती परत येते. आणि सूचना लिहिणं म्हणजे माझा प्रांत! पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं मी तक्रारींना उत्तरं लिहिली. नळाला तीन दिवस पाणी नाही म्हणून भडकलेला माणूस माझं पत्र वाचून आभाराचं पत्र पाठवायचा. पाणी आलेलं नसायचं तरीही. एकतीस वर्षांत माझ्या एकाही वाक्याने कुणी दुखावलं नाही, हे मी निरोप समारंभातही सांगितलं होतं.

पहिला मसुदा मिचियोने वाचला आणि म्हणाली, "'भिंतीलगतचं गवत' लिहिलंत तर योनेरासानांना कळेल की तुम्ही त्यांनाच म्हणताय."

"त्यांनाच म्हणतोय ना!"

"म्हणून काय त्यांना कळू द्यायचं?"

तिचं बरोबर होतं. मी गवत काढलं. मग 'मागची बाजू' काढली. मग गोचीड हा शब्दही जरा अंगावर येतो म्हणून काढला. चौथा मसुदा उतरला तो असा:

"वसंताची कोवळी हिरवाई मनाला आल्हाद देत आहे. आपण सर्व कुशल असाल, अशी आशा. या दिवसांत लहान जीवही आनंदाने विहार करतात, आणि आमच्या मांजरीकडे नुकताच असा एक अनपेक्षित पाहुणा येऊन गेला. त्यामुळे तिची प्रकृती किंचित अस्वस्थ आहे. पाहुणा कोणत्या हिरवाईतून आला, हे जाणण्याची आमची योग्यता नाही. तथापि, कुणाला आपल्या अंगणातील हिरवाई थोडी थकल्यासारखी भासत असल्यास तिचा भार हलका करता येईल का, असा एक विचार सहज मनात आला. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. उगाच सांगत नाही, पण डोळे भरून आले. पाटी रवाना झाली आणि दोन दिवसांत परत आली. अकराच्या अकरा शिक्के. एरवी तिला नऊ दिवस लागतात.

रविवारी सकाळी सात वाजता पहिलं गवत कापायचं यंत्र घरघरलं. मला वाटलं, आले योनेरासान ताळ्यावर. मग दुसरं यंत्र सुरू झालं. मग तिसरं. दहा वाजेपर्यंत सबंध गल्लीत एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मी माडीवरून बघितलं. कावासोएसानांनी दारापुढचं पुरुषभर उंच हिरवं कुंपण गुडघ्याइतकं केलं होतं, आणि त्यामागे वाळत घातलेले त्यांच्या लांब चड्ड्यांचे तीन जोड प्रथमच सूर्यप्रकाशात आले होते. ताबातासान दुकानापुढच्या अठ्ठावीस कुंड्या हातगाडीत भरत होत्या. कुणाच्या तरी अंगणातलं पंधरा वर्षांचं शेवाळ खरवडून पोत्यात गेलं. सगळी गल्ली नुकत्याच भादरलेल्या डोक्यासारखी दिसत होती. फक्त एका घराचं गवत कमरेइतकं उभं होतं आणि वाऱ्यावर डोलत होतं.

मग सगळे माफी मागायला आले. एकेकटे आणि लपून. कावासोएसान सुकवलेले मासे घेऊन आले. "हिदाकासान, माझंच कुंपण हो. तुम्ही इतक्या नाजूकपणे लिहिलंत, पण मी एका ओळीत ओळखलं." ताबातासान मुळ्याचं लोणचं घेऊन आल्या. "कुंड्यांबद्दल होतं ना ते? नाही, तुम्ही 'नाही' म्हणणारच. तुम्ही तसेच आहात." मी खरोखर 'नाही' म्हणत होतो. जितक्या वेळा 'नाही' म्हणायचो तितक्या वेळा ते आणखी खाली वाकायचे. नऊ घरांनी नऊ वेळा आपापला गुन्हा कबूल केला. आतल्या खोलीत किनाको डोळे मिटून पडली होती आणि मी दारात लोणच्याचे डबे झेलत होतो. पाहुणे गेले की हातमोजे चढवून तिच्याजवळ बसायचो. रबराच्या बोटांनी तिला कुरवाळायचो. तिला ते कळत होतं की नाही कोण जाणे. मला मात्र फार वाईट वाटायचं.

संध्याकाळी योनेरासान आले. संत्र्यांची पेटी खांद्यावर होती.

"काय सुंदर लिहिलंय तुम्ही!" ते म्हणाले. "'लहान जीवही आनंदाने विहार करतात!' मी बायकोला म्हटलं, बघ, रातकिड्यांचं कुणाला कळतं ते. आता यंदा गवताला हात लावणार नाही."

मी 'आभारी आहे' म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"पण रिकामा बसलो नाही हं," ते पुढे म्हणाले. "कुरोगीआजींनी बोलावलं होतं. त्यांच्या अंगणातलं ते चंदेरी तुऱ्यांचं गवताचं बेट होतं ना? मुळासकट काढून दिलं. काय मुळं होती हिदाकासान! दोन कुदळी मोडल्या."

माझ्या हातातली संत्र्यांची पेटी एकदम जड झाली. ते बेट कुरोगीआजींच्या यजमानांनी लावलेलं होतं. ते गेले त्याला अकरा वर्षं झाली. दर शरदात आजी त्यातले चार तुरे कापून ओसरीवर ठेवायच्या, तांदळाचे गोळे करायच्या आणि एकट्या चंद्र बघत बसायच्या. किनाको दुपारी झोपायची ती त्याच बेटाच्या बुंध्याशी. आजी शेजारी बसून शिवणटिपण करायच्या आणि तिच्याशी गप्पा मारायच्या. कुंपणाअलीकडून मला त्या ऐकू यायच्या. माझ्याशी सात वर्षांत झाल्या नसतील इतक्या गप्पा.

पाचव्या दिवशी डॉक्टर इवाकिरींचा फोन आला. तो वाईट ताप नव्हता. रक्तात दुसराच जंतू सापडला होता, गोळ्यांनी बरा होणारा. मिचियो फोन ठेवून तिथेच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मीही रडलो, पण मी पाहुण्यांनी आणलेल्या लोणच्याचं निमित्त केलं.

गोळ्या आणायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "हे यापुढे दर महिन्याला मानेवर टाकायचं औषध. मांजरीचंच वापरा, कुत्र्याचं चुकूनही नको, त्याने मांजर दगावतं. आणि घरातल्या पिशव्या, सतरंज्या एकदा झटकून बघा." मिचियोला कुणी 'एकदा बघा' म्हणालं की ती त्याच दिवशी बघते. संध्याकाळी तिने परसातल्या खोलीतून माझी पाठीवरची पिशवी बाहेर आणली आणि अंगणात वर्तमानपत्रावर उलटी केली. आत किनाकोच्या केसांची मऊ गादीच झाली होती. म्हणजे बाईसाहेब तिथे मुक्कामाला होत्या. गादीवर बांबूच्या कोंबांची सालं होती, आणि सालींवर तीन गोचीड चालत होते.

मिचियोने काडीने एक साल उलटवली.

"ग्रंथालयात हल्ली बांबू उगवतो वाटतं," ती म्हणाली.

पुढची वीस मिनिटं मी इथे देत नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मला फसवलंत ते एक वेळ सोडा. त्या म्हातारीकडे जाऊन सांगा."

दोन दिवसांनी किनाको अर्धी वाटी जेवली, अंग चाटलं आणि दुपारी दोनला डुलत डुलत कुंपणाशी गेली. फटीवर नवी फळी ठोकलेली होती. ती फळीसमोर बसली आणि ओरडायला लागली. मी मागोमाग गेलो आणि कुंपणावरून वाकून बघितलं. बेट होतं तिथे काळ्या मातीचा खड्डा. ओसरीवर कुरोगीआजी आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मांजर ओरडत होती आणि आजींचे खांदे हलत होते.

"आजी!" मी हाक मारली. "बरी झाली हो ती!"

त्यांनी वळून खूप खाली वाकून नमस्कार केला. "देवाची कृपा. पण इकडे नका हो येऊ देऊ तिला. माझ्याच अंगणाने तिचा जीव घेतला असता. तुम्ही किती सांभाळून लिहिलंत, पण तिचं झोपणं कुठे होतं, ते मला माहीत नाही का?"

"तुमच्या अंगणातून नाही आला तो, आजी. माझ्या पिशवीतून आला."

"किती चांगले हो तुम्ही हिदाकासान," असं म्हणून त्या डोळे पुसत आत गेल्या.

मग मी ठरवलं, आता लेखी. आयुष्यात पहिल्यांदा ऋतूचा उल्लेख न करता लिहिलं. "मांजरीला गोचीड माझ्यामुळे लागला. मी डोंगरातून आणलेल्या पिशवीत आणखी तीन सापडले. कुणाच्याही अंगणाचा दोष नाही. मी चुकलो. हिदाका." पाटी गेली आणि एका दिवसात परत आली. त्या संध्याकाळी कावासोएसान दारात उभे, डोळ्यांत पाणी.

"हिदाकासान, काय माणूस आहात तुम्ही! आमची मान खाली जाऊ नये म्हणून सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलंत. म्हणे पिशवी! तुमची कंबर धरलेली सगळ्या गल्लीला ठाऊक आहे." आणि त्यांनी आणखी मासे दिले. ताबातासान आल्या, त्यांनाही हुंदका आवरेना. योनेरासान म्हणाले, "पहिलं सुंदर होतंच, पण हे त्याहून थोर." रात्रीच्या जेवणाला मिचियोने माझ्यापुढे चौथ्या घरचं लोणचं ठेवलं. "एकतीस वर्षं कमावलेलं सौजन्य आहे," ती म्हणाली, "खा आता."

दुसऱ्या दिवशी मी किनाकोला काखेत घेतलं आणि रीतसर पुढच्या दाराने कुरोगीआजींकडे गेलो. त्यांनी मांजर पाहिली आणि हात मागे घेतले, जणू हातांनाच काही लागलेलं होतं. मी वाकून माफी मागितली. त्यांनी माझ्याहून खाली वाकून माफी मागितली. मग मी गुडघे टेकले. त्यांनीही टेकले. वय वर्षं त्र्याऐंशी. "चूक माझी." "छे, चूक माझी." दोघांची डोकी ओसरीच्या फळीला टेकलेली, मध्ये मांजर. माझी कंबर धरली ती त्याच वेळी. मला वर उठता येईना, आणि मी उठत नाही म्हणून आजी उठेनात. आणि त्या तशा अवस्थेत, तोंड फळीकडे करून, आजी हळूच म्हणाल्या, "बेट काढलं ते बरंच झालं. त्यांनी लावलेल्या गोष्टीने कुणाचं वाईट व्हायला नको."

माझ्यात काहीतरी तुटलं.

"पुरे, आजी!" मी ओरडलो. "मूर्खपणा आहे हा! शुद्ध मूर्खपणा! मी बायकोला थापा मारून डोंगरात गेलो! डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोंड मिटून बसलो! तुमच्या गवतात काही नव्हतं, ते माझ्या पिशवीत होतं, आणि मला हे पहिल्या दिवसापासून कळत होतं!"

समोर कावासोएसानांच्या दुकानातला खटखटाट थांबला. आजींनी सावकाश मान वर केली.

"काय म्हणालात?"

"मूर्खपणा."

मला त्या तेहतीस वर्षं ओळखतात. त्या तेहतीस वर्षांत मी त्यांच्याशी जेवढं बोललो, ते सगळं त्या मनातल्या मनात तपासत असाव्यात.

"सौजन्याने कुणी असं बोलत नाही," त्या अखेर म्हणाल्या. "म्हणजे खरंच आहे."

"हो."

"पहिल्या दिवसापासून कळत होतं?"

"हो."

"अरे मेल्या!" कुरोगीआजी म्हणाल्या.

आणि मग सुरू झाल्या. मला आजवर 'तुम्ही हिदाकासान' म्हणणाऱ्या बाईने मला सबंध गल्लीच्या साक्षीने अरेतुरे करून झोडपलं. "इतके दिवस मी इथे बसून त्या जिवाच्या मरणाची वाट बघितली, माझ्यामुळे मरणार म्हणून! जेवण गेलं नाही मला! ह्यांच्या फोटोपुढे तोंड दाखवलं नाही! आणि डोंगरात जायला तुला पाय फुटले होते ना, मग चार पावलं चालत येऊन सांगायला काय झालं होतं? 'पाहुणा' म्हणे! 'हिरवाई' म्हणे! सरळ बोलायला तुझी जीभ झडते का रे?" माझी कंबर अजून धरलेलीच होती, त्यामुळे मी सगळं ओणव्यानेच ऐकून घेतलं. खोटं कशाला सांगू, इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. किनाको एवढा वेळ आमच्या मध्ये बसून पंजा चाटत होती. ती उठली आणि आजींच्या मांडीवर चढली. आजींनी दोन्ही हातांनी तिला उचलून मानेशी धरलं आणि तिच्या पाठीत तोंड खुपसून रडत राहिल्या.

मी भिंतीला धरून कसाबसा उभा राहिलो. "मी लेखी..." एवढंच म्हणालो.

"खबरदार काही लिहिलंस तर!" आजी मांजरीच्या केसांतूनच म्हणाल्या. "आधी ती फळी काढ. मग त्या खड्ड्यात नवीन गवत लाव, शरदापर्यंत तुरे आले पाहिजेत. आणि रोपं दुकानातून आण. डोंगरात गेलास तर याद राख!"